राजाच्या पाठीमागे काय आहे

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही ब्र्यूलला जाऊन आलो आणि तेव्हापासून तिथली माक्स एर्न्स्टची शिल्पं डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून शेवटी आज लिहायला बसलेय. ब्र्यूल म्हणजे जर्मनीत कोलोन आणि बॉनच्या मधलं छोटंसं गाव, कोलोनहून ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांत पोचतो आपण. बहुतेक लोक तिथे ऑगस्टुसबुर्गचा राजवाडा बघायला जातात, १९८४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे तो, आणि आम्हीही आधी दोनदा राजवाडा बघून, बागेत फिरून, फोटो काढून परत आलो होतो. तिथून चालत पाच मिनिटांवर माक्स एर्न्स्ट म्युझियम आहे आणि दोन्ही वेळा त्याच्यासमोरून आम्ही सरळ स्टेशनवर गेलो होतो. ह्या वेळी मी आधीच सांगून टाकलं, राजवाडा नाही, बाग नाही, फक्त शिल्पं.

मी डेंटल टेक्निशियन आहे, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच नजरेतून आलंय. दातांच्या डॉक्टरकडे गेल्यावर तोंडात तो गार लगदा धरून बसावं लागतं ना, तो ठसा आमच्या लॅबमध्ये येतो. त्यात आम्ही प्लास्टर ओततो, ते घट्ट झालं की ठसा सोडवतो आणि हातात येतो तुमचा जबडा, अगदी वाकड्या दातासकट. चौदा वर्षं मी हे करतेय. आत जे रिकामं होतं ते बाहेर भरीव होऊन येतं, ह्यातली गंमत मला अजून संपलेली नाही. आणि माक्स एर्न्स्ट हा माणूस, ज्याला सगळं जग चित्रकार म्हणून ओळखतं, तो शिल्पं करताना मुख्यतः हेच करत होता! मला हे माहीतच नव्हतं. घरात पडलेलं काहीही घ्यायचं, वाट्या, कुंड्या, बाटल्या, शिंपले, गाडीच्या स्प्रिंगा, त्यांचे साचे घ्यायचे, प्लास्टर ओतायचं आणि जे निघेल ते एकमेकांवर रचून त्यातून कोणीतरी उभं करायचं.

एर्न्स्ट ह्याच ब्र्यूलचा. २ एप्रिल १८९१ चा जन्म. वडील मूकबधिर मुलांच्या शाळेत शिक्षक आणि हौशी चित्रकार. लहानपणी त्याचा एक लाडका काकाकुवा होता, तो मेला आणि नेमकी त्याच वेळी धाकट्या बहिणीच्या जन्माची बातमी आली, आणि पोराच्या मनात पक्षी आणि माणूस ह्यांची जी सरमिसळ झाली ती आयुष्यभर सुटली नाही. त्याने स्वतःच हे लिहून ठेवलंय. पुढे त्याच्या चित्रांत लोपलोप नावाचा पक्षी सारखा येत राहतो, तो जवळजवळ एर्न्स्टच. पहिल्या महायुद्धात हा माणूस सैन्यात होता, परत आल्यावर कोलोनमध्ये दादावाल्यांच्यात (दादा ही कलेतली बंडखोर चळवळ), १९२२ मध्ये पॅरिसला, आणि तिथे अतिवास्तववाद्यांच्या, म्हणजे सर्रिअलिस्टांच्या, अगदी सुरुवातीच्या मंडळींत. हे सगळं कुठेही वाचायला मिळेल, मी त्यात फार शिरत नाही.

म्युझियमची इमारत मात्र सांगायलाच हवी. १८४४ ची आहे आणि मुळात ती मौजमजेची, नाचगाण्याची जागा होती, गावातली तरुण मंडळी तिथे नाचायला यायची, आणि त्यात तरुण एर्न्स्टसुद्धा असायचा. म्हणजे ज्या फरशीवर तो नाचला त्या जागी आता त्याची शिल्पं उभी आहेत. २००५ मध्ये म्युझियम सुरू झालं, जुन्या इमारतीला काचेचा नवा भाग जोडलाय, आणि तो खरंच छान जोडलाय, जुन्याला नवं खात नाही. संग्रहात सत्तरहून जास्त ब्राँझची शिल्पं आहेत.

आता राजाकडे येते.

शिल्पाचं नाव आहे 'राजा राणीशी खेळतो'. १९४४ चं. उंची साधारण मीटरभर. एक टेबल आहे, तोच बुद्धिबळाचा पट, आणि त्या टेबलातूनच कमरेपासून वर एक राजा उगवलेला आहे, त्याला पाय नाहीत, दोन मोठी शिंगं आहेत, चेहरा म्हणाल तर जवळजवळ नाहीच. पटावर काही मोहरे. राजाचा एक लांबलचक हात पुढे येऊन राणीपाशी थांबलाय. राणी म्हणजे शंकूसारखी एक उभी आकृती. तो तिला सांभाळतोय की पुढे ढकलतोय की जाऊ देत नाहीये हे काही केल्या कळत नाही. मी तीनदा जागा बदलून बघितलं आणि तिन्ही वेळा मला वेगळं वाटलं.

नवरा माझ्यासोबत होता. त्याला चित्रं-शिल्पं ह्यात फार गोडी नाही पण बुद्धिबळ म्हटलं की तो हजर, इथल्या क्लबमध्ये दर गुरुवारी खेळायला जातो. तो आधी पाटी वाचून म्हणाला, "राणी नाही गं, वजीर. राजा वजिराशी खेळतोय." आणि आम्ही दोघंही तिथेच थांबलो, कारण खरंच की! आपल्या पटावर राणी नाहीच, आपल्याकडे राजाच्या शेजारी वजीर असतो. म्हणजे मराठीत हे शिल्प भाषांतर केलं तर दरबारातली मसलत होते, राजा आणि त्याचा प्रधान. आणि जर्मनमध्ये, फ्रेंचमध्ये ते नवरा-बायकोचं होतं. पटावरचा सगळ्यात ताकदवान मोहरा म्हणजे बायको, आणि जो एक घर सरकतो, ज्याला सगळ्यांनी मिळून वाचवायचं असतं, तो नवरा. नवरा म्हणाला, "पण बघ, हा राजा पटावरचा मोहरापण आहे आणि खेळणारापण हाच आहे. असं चालतं का?" मी म्हटलं इथे चालतं. मग तो बराच वेळ टेबलाच्या समोरच्या बाजूला उभा राहिला, जिथे प्रतिस्पर्ध्याने बसायचं असतं तिथे. तिथे कोणीच नाहीये. तिथे बघणारा उभा राहतो.

मग तो म्हणाला, "अगं मागे ये, मागे ये." राजाचा दुसरा हात पाठीमागे आहे आणि त्यात त्याने एक मोहरा लपवून धरलाय! समोरून दिसतच नाही. समोर उभं राहून फोटो काढून पुढे गेलेल्या कित्येकांना तो दिसला नसणार, आम्ही अर्धा तास तिथे होतो आणि तेवढ्यात मागे जाणारे चार-पाचच जण बघितले. शिल्प आणि चित्र ह्यांत फरक काय असं कोणी विचारलं तर मी आता हेच सांगेन, की चित्राला पाठ नसते.

ह्या शिल्पामागची गोष्ट मी घरी येऊन शोधून शोधून वाचली. १९४१ मध्ये एर्न्स्ट युरोपातून निसटून लिस्बनमार्गे न्यूयॉर्कला पोचला. त्याआधी फ्रान्समध्ये युद्ध सुरू झाल्यावर त्याला जर्मन म्हणून पकडून ले मील नावाच्या छावणीत ठेवलं होतं, ती छावणी म्हणजे विटा-कौलांचा बंद पडलेला कारखाना, सगळीकडे विटांची धूळ. आणि जर्मनीत नाझींना तो नकोच होता, १९३७ च्या 'विकृत कला' प्रदर्शनात त्याचं चित्र टिंगलीसाठी टांगलं होतं आणि ते चित्र पुढे गायबच झालं. म्हणजे फ्रेंचांसाठी तो जर्मन आणि जर्मनांसाठी विकृत. अमेरिकेत कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमशी लग्न झालं, ते टिकलं नाही. १९४२ च्या डिसेंबरमध्ये पेगीच्याच एका प्रदर्शनासाठी चित्रं निवडायला म्हणून तो डोरोथिया टॅनिंग नावाच्या तरुण चित्रकर्तीच्या स्टुडिओत गेला. तिथे बुद्धिबळाचा पट होता. दोघं खेळायला बसली. दुसऱ्या दिवशी परत खेळायला आला, आणि आठवड्याभरात राहायलाच आला. डोरोथियाने स्वतः ही आठवण सांगितलीय.

तर १९४४ च्या उन्हाळ्यात ही दोघं लाँग आयलंडवर ग्रेट रिव्हर नावाच्या ठिकाणी घर भाड्याने घेऊन राहिली, सोबत जूलियन लेव्ही, न्यूयॉर्कचा गॅलरीवाला. पोहायचं, उन्हात पडायचं असा बेत होता पण डास इतके की बाहेर थांबवेना. मग एर्न्स्टने गॅरेजमध्ये जाळ्या लावून काम सुरू केलं. आणि त्या गॅरेजमध्ये, घरातली भांडीकुंडी आणि प्लास्टर घेऊन, एका उन्हाळ्यात त्याने शिल्पांची आख्खी रांग केली, हा राजा त्यातलाच. तिकडे लेव्ही अंड्याच्या कवचांत प्लास्टर ओतून बुद्धिबळाचे मोहरे करत होता, एर्न्स्टने स्वतःचा एक लाकडी संच केला. डिसेंबरमध्ये लेव्हीच्या गॅलरीत बुद्धिबळावरचं प्रदर्शनच भरलं, कलावंत मार्सेल द्यूशाँ त्यात पुढे होता. आणि ६ जानेवारी १९४५ ला जॉर्ज कोल्टानोव्स्की ह्या बुद्धिबळपटूने तिथे पटाकडे न बघता एकाच वेळी सात जणांशी डाव खेळले, त्या सातांत एर्न्स्टही होता आणि डोरोथियाही. हे ऐकल्यावर नवऱ्याला एकदम तो माणूस आपला वाटायला लागला, घरी येताना ट्रेनमध्ये त्याने कोल्टानोव्स्कीचे डाव शोधून काढले फोनवर.

आता प्लास्टरचं सांगते कारण ते मला कळतं.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. भाजताना त्यातलं पाणी जातं, आणि आपण परत पाणी घातलं की ते परत दगड व्हायला लागतं. १०० ग्रॅम पावडरला साधारण ५० मिली पाणी, आमच्या कडक स्टोनला त्याहून कमी. कालवल्यावर सात-आठ मिनिटं आपल्या हातात असतात, तेवढ्यात ओतायचं, थरथरवून बुडबुडे वर आणायचे, आणि मग हात लावायचा नाही. थोड्या वेळाने ते गरम होतं, चांगलं हाताला चटका वाटेल इतपत. नव्या मुलींना मी सांगते की ते गरम होऊन गार होईपर्यंत थांबा, घाई केलीत तर कोपरा तुटणार. आणि प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतं, आक्रसत नाही, म्हणून ते साच्याच्या प्रत्येक बारीक रेषेत जाऊन बसतं. नखाचा ओरखडासुद्धा उतरतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुटणं. ओतायला कुणालाही येतं, साच्यातून सोडवता आलं पाहिजे. कुंडी किंवा वाटी वर रुंद, खाली निमुळती, म्हणून आत ओतलेलं प्लास्टर सरळ बाहेर येतं. बाटलीचं तसं नाही, पोट मोठं आणि गळा अरुंद, आत ओतलंत तर एकतर बाटली फोडा नाहीतर साचा दोन तुकड्यांत करा. आम्ही ह्याला अंडरकट म्हणतो आणि आमचा अर्धा दिवस अंडरकट कुठे आहे, मेण कुठे भरायचं ह्यातच जातो. त्यामुळे मी एर्न्स्टच्या शिल्पांसमोर उभी राहिले की माझं डोकं आपोआप उलटं चालायला लागायचं: हे सरळ सुटलं असणार, हे दोन भागांत केलंय, इथे फोडलंय, इथे जोड घासून काढलाय. राजाचे मोहरे बघा, जवळजवळ सगळे शंकू आणि घुमट. सुटसुटीत सुटणारे आकार. गॅरेजमध्ये एकटा माणूस घरातल्या वस्तूंत ओततोय तर तो असेच आकार घेणार! राणी शंकूसारखी का, ह्यावर कोणी कितीही मोठा अर्थ लावू दे, मला तिच्यात एक भांडं उलटं करून, बुडावर टिचकी मारून, हळूच वर उचललेलं दिसतं. आणि त्याने राणी कमी होत नाही माझ्यासाठी. उलट मला ती क्रिया माहितीये, तो एक क्षण असतो, निघेल की तुटेल, श्वास धरून बसतो आपण, आणि मग ती निघते, पांढरी, ओलसर, कोमट.

एक तक्रार आहे, म्युझियमबद्दल नाही, ब्राँझबद्दल. आपण बघतो ती जवळजवळ सगळी ब्राँझची ओतकामं आहेत, पुष्कळशी बऱ्याच वर्षांनी केलेली. राजाचं प्लास्टर १९४४ चं, ब्राँझ पन्नाशीच्या दशकातलं. प्लास्टर ठिसूळ, ते टिकवायचं तर ब्राँझ करावंच लागतं, हे मला मान्य आहे, आणि त्याशिवाय ती इतक्या गावांत पोचलीही नसती. पण ब्राँझ झालं की सगळं एका काळपट-हिरवट रंगात जातं, गंभीर दिसायला लागतं, पुतळ्यासारखं. प्लास्टरचा पांढरेपणा, तो खेळकरपणा जातो. एर्न्स्ट म्हणायचा की चित्र अडलं की तो शिल्पाकडे वळतो, ते त्याला खेळासारखं होतं. खेळ प्लास्टरमध्ये दिसतो, ब्राँझमध्ये तो आठवावा लागतो. मी मनातल्या मनात सगळी शिल्पं पांढरी करून बघत होते.

१९३४ चा 'हबाकुक' आठवा (आठवा म्हणजे, डुसेलडॉर्फला गेला असाल तर कुन्स्टहालं ह्या कलादालनासमोर त्याची मोठी केलेली प्रत उभी आहे, तिच्यासमोरून गेला असाल). उंच, पक्ष्यासारखं तोंड, आणि अंग म्हणजे कुंड्यांवर कुंड्या. खरंच कुंड्यांत ओतलेलं प्लास्टर, एक सुलटं एक उलटं असं रचत नेलेलं. एकदा कुंड्या दिसल्या की परत 'न दिसणं' जमत नाही. पण मजा अशी की कुंड्या दिसल्या तरी पक्षीही जात नाही. दोन्ही एकदम दिसत राहतात आणि डोळा ठरवतच नाही. माझ्या मते अतिवास्तववाद म्हणून जे काय म्हणतात ते ह्या न ठरवण्यातच आहे. दालीच्या चित्रातली वितळणारी घड्याळं वगैरे बघून लोकांना वाटतं की काहीतरी विचित्र, स्वप्नातलं दाखवलं की झालं, पण एर्न्स्टकडे स्वप्न कुठून आणलेलं नाही, ते कुंडीतूनच निघालंय. चित्रांतही त्याचं तेच, १९२५ मध्ये लाकडी फरशीवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि त्या रेषांत त्याला जंगलं आणि जनावरं दिसली. तो आधी ठसा घेतो, मग बघतो की कोण आलंय.

१९३५ च्या उन्हाळ्यात तो स्वित्झर्लंडमध्ये मालोयाला जाकोमेत्तीकडे राहिला होता, आल्बेर्तो जाकोमेत्ती, तो काटकुळी माणसं करणारा. तिथे दोघं हिमनदीने सोडून दिलेले ग्रॅनाइटचे गोटे उचलून आणायचे. घासून घासून अंड्यासारखे झालेले. एर्न्स्टने एका पत्रात लिहिलं होतं की हे काम माणसाच्या हाताला जमणारं नाही, मग कच्चं काम निसर्गावरच सोपवावं आणि आपण वर आपल्या खुणा तेवढ्या कोराव्यात. त्या गोट्यांवर त्याने उथळ पक्षी, फुलं असं कोरलं, काहींवर रंग लावला. मला हे फार ओळखीचं वाटलं. नदीतल्या गोट्याला शेंदूर आणि दोन डोळे लावले की तो कोणीतरी होतो, आणि त्यापुढे कोणी 'हा दगड आहे' म्हणत नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

कोलोनमध्ये राहतो म्हणून एक जाता जाता. १९२० मध्ये एर्न्स्ट आणि त्याच्या मित्रांनी कोलोनमधल्या एका बिअरहॉलच्या मागच्या भागात प्रदर्शन भरवलं होतं, आत जायचं तर पुरुषांच्या मुतारीतून जावं लागायचं. तिथे एर्न्स्टच्या एका वस्तूला कुऱ्हाड बांधून ठेवलेली, म्हणजे आवडलं नाही तर फोडा. पोलिसांनी प्रदर्शन बंद केलं. आता त्याच माणसाच्या शिल्पाभोवती जमिनीवर पट्टी आखलेली असते आणि पाऊल पुढे गेलं की बाई येऊन हळू आवाजात मागे व्हा म्हणतात. त्या त्यांचं काम करत होत्या, बरोबरच आहे, माझ्यासारखे लोक हात लावल्याशिवाय राहत नाहीत. माझा हात खरोखर दोनदा पुढे गेला होता.

आणि मग 'काप्रिकॉर्न'.

हे सगळ्यात मोठं, जवळजवळ २.४ मीटर उंच, आणि मी ते फोटोत इतक्यांदा बघितलं होतं की प्रत्यक्ष बघून काही वाटेल असं वाटलं नव्हतं. चूक होती ती. डावी-उजवीकडे दोघं बसलेत, राजा आणि राणी. राजाला बकऱ्याचं म्हणा बैलाचं म्हणा असं शिंगवालं डोकं, हातात दंड, मांडीवर कुत्रं. राणीची मान लांब, खाली माशाची शेपटी. एक पिल्लूही आहे सोबत. काप्रिकॉर्न म्हणजे मकर रास, पण आपला मकर मगरीसारखा, देवळात पाणी पडायच्या तोंडाला असतो तसा, सोंडबिंड असलेला. ह्यांचा मकर वेगळा, वर बकरा आणि खाली मासा. मी बराच वेळ शोधत होते की बकरा-मासा कुठाय, आणि मग दिसलं. त्याने तो प्राणी दोघांत वाटून टाकलाय. शिंगं नवऱ्याकडे, शेपटी बायकोकडे. एकट्याने कोणीच मकर नाही, दोघं शेजारी बसली की होतो! पाटीवर हे असं लिहिलेलं नव्हतं, हे माझं मला सुचलं, कदाचित कोणी आधीच लिहिलंही असेल, पण मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याचं जॅकेट ओढून त्याला परत तिथे आणलं.

हे शिल्प १९४८ चं, ॲरिझोनामधल्या सेडोनाचं. १९४६ मध्ये एर्न्स्ट आणि डोरोथियाने लग्न केलं, तेही जोडीने, फोटोग्राफर मॅन रे आणि जूलिएटचं लग्न त्याच मांडवात, आणि मग लाल डोंगरांच्या मधल्या त्या ओसाड जागी जाऊन स्वतःच्या हातांनी घर बांधलं. सुरुवातीला नळाचं पाणीसुद्धा नव्हतं. त्या घराच्या बाहेर त्याने सिमेंट आणि भंगार घेऊन हे जोडपं बसवलं, त्यात गाडीच्या स्प्रिंगा आहेत, राजाचा दंड दुधाच्या बाटल्यांवरून आलाय. बाटल्या, म्हणजे अंडरकट! मी दंडाकडे बघत विचार करत होते की बाटल्या फोडल्या असतील की दोन भागांत साचे केले असतील. तो ह्याला कुटुंबाचा फोटो म्हणायचा. खराच एक फोटो आहे, त्यात डोरोथिया आणि एर्न्स्ट त्या राजा-राणीच्या अंगाखांद्यावर बसलेत, मागे उघडं आकाश, आणि चौघंही सारख्याच थाटात कॅमेऱ्याकडे बघतायत.

मला मात्र तिथे उभी असताना दुसरंच एक घर आठवत होतं. १९३८ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये, सेंट मार्टिन दार्देशला, तो आणि त्याची तेव्हाची सोबतीण, चित्रकार लिओनोरा कॅरिंग्टन, राहत होते, आणि तिथेही त्याने घराच्या भिंतींवर सिमेंटमध्ये पक्षी, जलपरी, मोठ्या मोठ्या आकृत्या केल्या होत्या. मग युद्ध आलं, त्याला नेलं, ती एकटी पडली आणि तिला ते सहन झालं नाही, तो परत आला तेव्हा ती गेलेली होती आणि घरही. भिंतीवरची शिल्पं उचलून नेता येत नाहीत. आणि दहा वर्षांनी हा माणूस पुन्हा दुसऱ्या खंडात, दुसऱ्या घराला, परत सिमेंटच लावायला बसतो. पुन्हा असं काहीतरी की जे नेता येणार नाही. आणि तेच झालं, १९५३ मध्ये ते फ्रान्सला परतले आणि सिमेंटचा राजा-राणी तिथेच सेडोनात बसून राहिले. नंतर साठच्या दशकापासून त्याची ब्राँझ झाली, म्हणून आज ब्र्यूलमध्ये, पॅरिसमध्ये, वॉशिंग्टनमध्ये ते बघता येतं.

दोनदा घर सोडून आलेली कुठलीही बाई हे वाचेल तर तिला मी काय म्हणतेय ते समजेल. भाड्याच्या घरात आपण खिळासुद्धा मारत नाही, डिपॉझिट जाईल म्हणून. आणि हा घरालाच शिल्प चिकटवतो. मला त्या क्षणी खूप भरून आलं, उगीच नाही सांगत, डोळे पुसले मी आणि खिडकीकडे गेले.

बाकीची शिल्पं भराभर झाली. साठच्या दशकातली छोटी छोटी डोकी, मासे, बेडूक, पक्षी ह्यांतली काही गोड आहेत, पण मला त्यात तो आधीचा जोर दिसला नाही, जे आधी सापडलं होतं तेच परत मांडल्यासारखं. '३५ मधलं 'चंद्राचे शतावर' नावाचं शिल्प, दोन उंच आकृत्या शेजारी शेजारी उभ्या, ते मात्र बघाच. आणि वरच्या दालनात डोरोथियाला दर वाढदिवसाला दिलेली चित्रं आहेत, ३६ आहेत म्हणे, प्रत्येकात कुठेतरी 'डी' अक्षर लपवलेलं. तीन-चारांत मला सापडलं, मग पाय दुखायला लागले. ती २०१२ मध्ये गेली, १०१ वर्षांची होऊन, तो १९७६ मध्ये, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

निघताना आम्ही परत राजापाशी गेलो. एक म्हातारे आजोबा समोर उभे होते, पाटी वाचत होते, त्यांना नवऱ्याने खुणेने मागे या म्हणून बोलावलं. ते आले, वाकले, चष्मा वर केला, तो लपवलेला मोहरा बघितला आणि एकही शब्द न बोलता आपलाही एक हात पाठीमागे नेला, मूठ मिटून. मग तसेच पुढच्या दालनात गेले.

त्या रात्री घरी आल्यावर मी दह्याचा रिकामा डबा धुऊन पुसला. आतून बोटभर व्हॅसलीन फिरवलं. लॅबमधून आणलेलं अर्धं पाकीट प्लास्टर होतं ते कालवलं, ओतलं, डबा टेबलावर आपटून बुडबुडे काढले. नवरा समोर पट मांडून बसला होता, म्हणाला काय करतेयस, मी म्हटलं वजीर. चाळीस मिनिटांनी डबा उलटा केला, बुडावर टिचकी मारली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आत काहीतरी सुटल्याचा आवाज आला. उचलला. तळाशी डब्यावरची एक्स्पायरीची तारीख उलटी उमटली होती, आणि हातात घेतला तेव्हा तो अजून कोमट होता.